वर्गणी मागायला जर्मनीला

जर्मनीहून आल्यापासून आमच्या चौकात मला दोनच प्रश्न विचारतात. तिकडं पाणी वापरतात का कागद, आणि चॉकलेट आणलं का. कागद, आणि नाही. झालं समाधान? आता माझं ऐका. मी तिकडून लै चिडून आलोय. पण मी चिडून बोलायला लागलो की चौकातले म्हणतात, वा, कुणाची नक्कल आहे ही? म्हणून लिहायला बसलो. कागद मध्येच टाळ्या वाजवत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मी दिनेश मोरे. नकला करतो. एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, मंगल कार्यालयातला माईकवाला, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहतात. त्या नकलांचं एक पातळ पुस्तक निघालं, तेव्हापासून लोक मला लेखक म्हणतात आणि मी नाही म्हणत नाही. सोबत होत्या रत्नमालाताई. त्या खऱ्या लेखिका. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान पोरांना शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आपल्या वस्तीच्या गोष्टी लिहिल्या. त्या वाचून मोठमोठी माणसं रडतात. ताई म्हणतात, "रडणाऱ्याकडून वर्गणी लगेच घ्यायची दिनेश. डोळे वाळले की खिसा शिवला जातो."

वर्गणी कशाची, ते सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका गावात आमच्या समाजातल्या एका पोराची वरात मारुतीसमोरून गेली. नवरदेव घोड्यावर बसला, एवढाच गुन्हा. खाली ओढला आणि मारला. अंगाला हळद होती. त्याची भावजय सुमन तिथंच होती. कुणी ओढलं, कुणी मारलं, तिनं पोलिसांत नावानिशी सांगितलं. त्या दिवसापासून गावानं तिचं दळण बंद केलं, किराणा बंद केला. आरोपी जामिनावर सुटून पारावर तंबाखू मळायलेत. म्हणून सुमनला, तिच्या नवऱ्याला आणि बाकीच्या साक्षीदारांना चळवळीनं तालुक्याला भाड्याच्या खोल्यांत आणून ठेवलं. साक्ष होईपर्यंत त्यांना धरून ठेवायचं. खोली गेली की माणूस गावात परत जाणार, आणि गावात गेला की साक्ष फिरवणार. कोर्टात त्याला फितूर म्हणतात. पोट फितूर होतं, त्याला कायद्यात कलम नाही.

तर त्या खोल्यांच्या भाड्याची वर्गणी. ताईंनी गोष्टी वाचायच्या, मी हसवायचं, आणि शेवटी डबा फिरवायचा. जर्मनीतल्या आपल्या लोकांनी बोलावलं होतं, तिकिटंही त्यांनीच काढली.

त्सुफेनहाउझेन

हे स्टुटगार्टच्या कडेचं उपनगर. नाव तोंडात बसावं म्हणून मी विमानात घोकत होतो, तर शेजारचा जर्मन दर वेळी मला "गेझुंडहाइट" म्हणायचा. शिंकणाऱ्याला तिकडं असा आशीर्वाद देतात.

आम्ही उतरलो निखिलकडं. निखिल पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. तिथं एक लै महागड्या गाड्यांचा कारखाना आहे, त्यात कामाला, आणि तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. माणूस चांगला. आल्याआल्या त्यानं आम्हाला कचरा शिकवला. कागद निळ्या डब्यात, प्लास्टिक पिवळ्यात, भाजीची सालं तपकिरीत, उरलेलं काळ्यात. चुकलं तर शेजारी चिठ्ठी लावतो. मी ताईंना म्हणलं, "बघा ताई, इथं कचऱ्याला चार डबे. आपल्याकडं कचऱ्याला एकच, माणसांना चार." ताई हसल्या. निखिल हसला नाही. मला वाटलं जोक कळला नाही. कळला होता.

जेवायला श्पेत्सले म्हणून तिथला पदार्थ होता. पिठाचे बारीक तुकडे आणि वर चीज. ताई चमच्यात धरून बघत म्हणाल्या, "ह्या तर आपल्या नखुल्या. ह्यांच्याकडं लग्नाशिवाय पण करतात वाटतं." निखिलची लेक इरा, शाळकरी, मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्ये. आणि निखिलचे सासरे, नाना, हवापालटाला आलेले. जेवता जेवता नानांनी घसा साफ केला. अ-ह्ह. मग मूळव्याध आहे का विचारावं इतक्या हळू आवाजात म्हणाले, "काय हो मोरे, मोरे म्हणजे कुठले मोरे?"

मोरे आडनावाची हीच गंमत आहे. ते सगळ्यांत असतं. समोरच्याला पाटी वाचता येते, पण घर कुणाचं ते कळत नाही.

"मराठवाड्यातले, काका."

"ते झालंच. पण म्हणजे, मूळ?"

"मूळ म्हणजे आजोबा रस्त्यानं चालले होते, मोर आडवा गेला. म्हणून मोरे."

"नाही, गंमत सोडा. तुमच्यात देवक काय असतं?"

"मोरच. कापता येत नाही, म्हणून आम्ही कोंबडी खातो."

निखिल घाईघाईनं म्हणाला, "अहो नाना, तुम्ही भात घ्या ना. इथं कुणी असलं काही मानत नाही, ताई. इथं सगळे फक्त इंडियन." नानांनी भात घेतला, पण डोळे माझ्या ताटावर. मी कोणत्या हातानं खातो ते बघून काय कळणार होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी हॉलवर गेलो. चर्चचा हॉल मंडळानं भाड्यानं घेतलेला. दारावर पोस्टर. 'हास्यमेजवानी! ग्रामीण बोलीचा धमाका.' खाली बारीक अक्षरात, 'ग्रामीण महिलांना मदतीचा हात'. ताईंनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"निखिलराव, खून झालाय. त्याची केस आहे. त्यातल्या साक्षीदारांची वर्गणी आहे. हे ग्रामीण महिला काय प्रकरण आहे?"

"ताई, आल्झो, म्हणजे, कसंय, फॅमिली ऑडियन्स आहे. लोक वीकेंडला रिलॅक्स व्हायला येतात. ती वरातीची गोष्ट नको वाचायला. तुमची ती शाळेतली गोष्ट वाचा ना, पोरगी पाटी धुते ती. पॉझिटिव्ह आहे. आणि वर्गणी ऐवजी मदत म्हणू या. वर्गणी म्हणजे जरा गल्लीतल्या गणपतीसारखं वाटतं."

"गणपतीला वर्गणी देतो तो म्हणतो, माझा गणपती. मदत देतो तो काय म्हणतो?"

निखिलनं माईक चालू केला. हॅलो, हॅलो.

वडापाव झकास होता, हे लिहिलं पाहिजे. हॉल भरला. मी कंडक्टर केला, लोक खुर्च्यांवरून घसरले. हेडमास्तर केले, एका बाईंना ठसका लागला. मग मागून एकानं आवाज दिला, "ते गावाकडचं करा ना! तुमच्या आई वगैरे कशा बोलतात ते. फार गोड असतं!"

माझी आई लोकाच्या रानात कापूस वेचते. उन्हात, एका तासातून, म्हणजे ओळीतून, दुसऱ्या तासात बोलणं पोचावं म्हणून ती ओरडून बोलते. ते गोड नसतं. माझं डोकंच फिरलं. म्हणजे माझ्या तोंडातली आई पाहिजे आणि ताईंच्या पुस्तकातली आई नको? मी म्हणलं, करतो. गावाकडचं करतो. आणि घसा साफ केला. अ-ह्ह.

नाना असे उतरले माझ्यात, की पहिल्या रांगेतल्या नानांनी दचकून स्वतःचा गळा चाचपला. "काय हो इंजिनिअर, कुठले तुम्ही? नाही, पुण्यातले ते झालंच. मूळ? काय हो श्वान, कुठले तुम्ही? जर्मन शेफर्ड ना, दिसतंच तोंडावर." लोक लोळत होते. प्रत्येकाला वाटत होतं, शेजारच्याचं चाललंय. मग मी निखिल झालो. "आल्झो, इथं कुणी जात मानत नाही. नुसती विचारतात." मग पोस्टर झालो. "या हो या! खून झालाय, पण पॉझिटिव्ह आहे! फॅमिलीला घेऊन या!"

हसणं पुढून बंद होत मागं गेलं, लाईट जाते तसं. त्या शांततेत इरानं बापाला मोठ्यानं काहीतरी विचारलं. "पापा, वारुम लाख्ट काइनर मेअर?" निखिलनं तिला गप्प केलं. मला अर्थ कळला नाही, पण आवाज डोक्यात राहिला.

मग ताई उठल्या आणि वरातीचीच गोष्ट वाचली. एकाही वाक्यावर आवाज चढवला नाही. डबा फिरला. खरं ते सांगतो, लोकांनी पैसे टाकले. काहींनी माझ्याकडं न बघता टाकले, पण टाकले. डबा रात्री मंडळाकडं राहिला.

सकाळी चहाला निखिल म्हणाला, "ताई, मंडळाचं रात्री ग्रुपवर बोलणं झालं. कार्यक्रमाचं स्वरूप बदललं. काही मेंबर्स हर्ट झालेत. तर जमलेली रक्कम एका तटस्थ संस्थेला द्यायचं ठरलंय. झाडं वगैरे लावतात ते."

म्हणजे ज्या खुनासाठी लोकांनी डब्यात हात घातला, त्याच्या पैशाची झाडं लागणार. तटस्थ! हा शब्द मला शाळेपासून माहिती. तट म्हणजे काठ, त्यावर उभा तो तटस्थ. पाण्यात माणूस गटांगळ्या खायलाय आणि हा काठावर उभा राहून म्हणतो, मी कुणाच्याच बाजूचा नाही, मी फक्त कोरडा आहे. मी हे सगळं निखिलला बोललो. आवाज बदलून नाही, माझ्याच आवाजात. तो म्हणाला, "मोरे, तुम्ही फार पर्सनली घेता." हो घेतो. मेलेलं पोरगं माझ्या ओळखीचं होतं.

ताईंनी नानांना वाकून नमस्कार केला, इराच्या डोक्यावर हात ठेवला आणि बॅग उचलली. स्टेशनवर बॅग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "झालं समाधान?"

"ताई, त्यांनी..."

"त्यांचं मला ठाऊक आहे. मी त्यांना तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. तू हे गोष्ट आणि वर्गणी झाल्यावर केलं असतंस तर डबा आधी आपल्या पिशवीत रिकामा झाला असता. सुमनच्या भाड्यावर टाळ्या घेतल्यास तू."

मी चिडून म्हणलं, "मग काय माझ्या आईला नाचवायचं होतं त्यांच्यापुढं?"

"नाही. पण चिडायचं तर हिशेबानं चिड. फुकट चिडणं आपल्याला परवडत नाही."

गाडी आली. आम्ही समोरासमोरच्या सीटवर, दोन खिडक्यांतून दोन वेगळ्या जर्मन्या बघत गेलो.

ब्राउनश्वाइग

इथं टेक्निकल युनिव्हर्सिटी. गावात जागोजागी सिंह. पुतळ्यावर सिंह, झाकणावर सिंह, बिस्किटाच्या डब्यावर सिंह. माणसं मात्र सायकलवरून गुपचूप जातात. आम्हाला बोलावलं होतं स्नेहलनं. हिंगोलीची पोरगी, बॅटरीवर पीएच.डी. करते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी गेनाऊ म्हणते, म्हणजे अगदी बरोबर. हॉल नव्हता. त्सुफेनहाउझेनचा किस्सा व्हॉट्सॲपवरून आमच्या आधी पोचला होता, त्यामुळं येणार म्हणणारे बरेच जण आजारी पडले होते. होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात, ओट्याभोवती मावतील तेवढी पोरं. दारावर पाटी, 'उन्झरे क्युषे'. स्नेहल म्हणाली, उन्झरे म्हणजे आमचं. आमचं स्वयंपाकघर. "म्हणजे भांडी आपली आपण घासायची. गेनाऊ."

तिनं पिठलं केलं आणि ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या. तव्यानं असा धूर सोडला की छतावरची घंटा कोकलायला लागली. सगळं होस्टेल स्लिपर घालून खाली. इमारतीचा व्यवस्थापक, त्याला हाउसमाइस्टर म्हणतात, धावत आला, तवा बघितला, एक मिरची उचलून चावली आणि जे काही बोलला ते मी अजून कुणाला शिकवलेलं नाही. जाताना मात्र वाटी पुढं करून ठेचा घेऊन गेला.

घंटा बंद झाल्यावर मी पोरांना इराचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. स्नेहलचा घास थांबला. "दादा, ती विचारत होती, बाबा, आता कुणीच का हसत नाहीये?"

ताईंनी गोष्ट वाचली, तिथंच, सिंकला टेकून. मग वर्गणीचं निघालं. एक पोरगा म्हणाला, "ताई, आम्ही स्टुडंट. एकदम मोठं काही देता नाही येणार."

"एकदम मोठं देतो तो देणगीदार. त्याचं नाव फरशीवर कोरतात. मला वर्गणीदार पाहिजेत. थोडं द्या, पण थांबू नका. खोलीचं भाडं दर महिन्याला येतं बाळा, तसं तुम्ही दर महिन्याला या."

स्नेहल टाळी वाजवून म्हणाली, "आल्झो ताई, हा तर डावरआउफ्ट्राग!"

हा शब्द म्हणजे पत्र्याच्या शेडवर नारळ पडल्यासारखा. पण काम सोपं. बँकेला एकदा सांगायचं, मग दर महिन्याला ठरलेले पैसे आपोआप जातात. घराचं भाडं, जिमची फी, सगळे तसंच देतात. पोरांनी तिथल्या तिथं मोबाईल काढले. पैसे कशासाठी, असा एक रकाना भरावा लागतो. मघाचाच पोरगा विचारायला लागला, "इथं काय लिहू? हेल्प?" ताई म्हणाल्या, "आमचं भाडं, असं लिही." त्यानं लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं, 'उन्झरे मिटे'. आमचं भाडं. पिठल्यात पाणी जास्त होतं, पण तसं जेवण मी जन्मात जेवलो नाही.

सकाळी सुमनचा फोन आला. ताईंनी मला ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला.

"ताई, खोलीवाला खाली करा म्हणलाय. महिना भरेस्तोवर."

"का? भाडं वेळेवर जातंय ना?"

"जातंय. पर तो हातात घेईना. ओट्यावर ठेवा म्हणतो. त्यानं पेपरात माझा फोटो बगितला. आदी कळलं असतं तुम्ही कोण हाव तर दिलीच नसती, म्हणला. हितं दोन ठिकाणी इचारलं, आडनाव ऐकलं की खोली भरली म्हणतेत. ताई, ह्ये म्हणायलेत गावाकडं जाऊ. सरपंचानं निरोप धाडलाय, मिटवून घ्या, घर दुरुस्त करून देतो."

"साक्षीची तारीख तोंडावर आलीय सुमन."

"मला ठावं हाय ताई. पर लेकरं कुठं झोपवू?"

आम्ही समुद्र ओलांडून भाडं जमवायला आलो, आणि भाडं घ्यायला माणूस तयार नाही. एखाद्याला वाटेल, इथं मी एखादा जोक टाकीन. नाही सुचला. आजही सुचत नाही.

ताईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "येनात प्रशांत आहे. त्याचं आपल्या तालुक्याला घर आहे. चांगल्या कॉलनीत. कुलूपबंद."

येना

वाटेत मी एक पराक्रम केला. गाडीत बाईचा आवाज सूचना देत होता आणि मी तिची हुबेहूब नक्कल करत होतो. समोरची म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. मग तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. गाडीचे पुढचे डबे आम्हाला मागं सोडून निघून गेले होते. ती बाई तेच सांगत होती, येनाला जाणाऱ्यांनी पुढच्या डब्यात बसा. आणि मी ते तिच्याच आवाजात, सगळ्या डब्याला, खणखणीत ऐकवलं होतं. ताई म्हणाल्या, "तुझं हे असंच आहे. आवाज पकडतोस, सांगणं सोडतोस." पण हसल्या. भांडण तिथं मिटलं.

येना डोंगरांच्या कुशीत आहे. टेकड्यांचे माथे पांढरे, चुनखडीचे, उघडे. गावात भिंगांचे कारखाने आणि प्रयोगशाळा. प्रशांत तिथं संशोधक. स्टेशनवर त्यानं ताईंच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाई, किती वाळलात." ताईंनी त्याला पहिलीत अक्षरं शिकवली होती. आमच्याच वस्तीतला.

पण संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रम सुरू झाला आणि बाईंच्या मॅडम झाल्या. "आजच्या पाहुण्या, प्रसिद्ध लेखिका, रत्नमाला मॅडम." हा माझा विद्यार्थी, असं ताई म्हणणार होत्या, तो शब्द त्यांनी गिळला. मला कळलं. तिथल्या आपल्या लोकांना प्रशांत कुठला ते माहिती नव्हतं, आणि त्याला ते तसंच राहायला हवं होतं.

अर्धे श्रोते जर्मन होते, म्हणून ताई वाचायच्या आणि प्रशांत जर्मनमध्ये सांगायचा. मला जर्मन येत नाही, पण कान आहे. ताई म्हणाल्या, "आमच्या वस्तीत त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत." मी उन्झरे ऐकायला कान लावला. आलं नाही. त्यानं दुसराच शब्द घातला. परत ताई म्हणाल्या "आमची पोरं", तो परत तोच शब्द. शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीला मी हळूच विचारलं, हे इरे म्हणजे काय? ती म्हणाली, "त्यांची."

आमची वस्ती, आमची पोरं, आमचा नवरदेव. तो शांतपणे सगळं त्यांचं करत होता.

माझ्या घशात प्रशांत तयार बसला होता. माईक माझ्याकडं यायचा होता. ताईंनी माझ्याकडं बघितलं आणि फक्त मान हलवली, नाही. मी कंडक्टर केला आणि खाली बसलो. शेवटी एक जर्मन बाई नोट घेऊन आल्या. परदेशी पासपोर्टवाल्याचे पैसे आमच्या चळवळीला घेता येत नाहीत, कायद्याचं लफडं आहे. ताईंनी समजावलं. बाईंनी मग ताईंचं मराठी पुस्तक विकत घेतलं आणि उलटं धरून छातीशी लावलं.

दुसऱ्या दिवशी प्रशांत आम्हाला टेकडीवर घेऊन गेला. वरून नदी दिसते, रेल्वे दिसते, गावातला एक उंच गोल मनोरा दिसतो. ताई दगडावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "प्रशांत, तुझं घर दे. सुमनला. साक्ष होईपर्यंत."

त्यानं आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाला, "बाई, पैसे देतो. हवे तेवढे. डबल भाडं देऊन दुसरीकडं..."

"दुसरीकडं देईनात."

"माझ्या आईबाबांनी त्या कॉलनीत कसे दिवस काढलेत, माहितीये? दारावर आडनाव लावलं नाही. घराचं नाव लावलं नुसतं, सावली. शेजाऱ्यांकडं जाऊन आपलं काही बोलायचं नाही. आई तर फोनवर आवाज बदलून बोलायची. आत्ता पुण्याला आहेत, पण परत येतील. तेव्हा?"

मी म्हणलं, "दादा, काल ताई आमची म्हणल्या की तुम्ही त्यांची म्हणत होता."

तो माझ्याकडं वळला. चेहरा लाल. "तुला काय रे! तुझा धंदा आहे तो. तू ओरडतोस, लोक हसतात, तू गाडीत बसून निघून जातोस. मला इथं राहायचंय. लॅबमध्ये त्यांच्याबरोबर जेवायचंय. दिवाळीला त्यांच्या घरी जायचंय. एकदा कळलं ना, की कुणी काही बोलत नाही. कुणी काहीच करत नाही. फक्त पुढच्या दिवाळीला बोलावत नाहीत. कुणावर चिडशील तू? सांग, कुणावर?"

तो खरं बोलत होता. मी चिडलो होतो त्याच्यावर, आणि चिडायला पाहिजे होतं नानांवर.

ताई म्हणाल्या, "मी तुला नाव ठेवत नाही. तू नाही म्हणालास तरी मी तुझी बाईच राहीन. पण सुमनचं लपवून चालणार नाही प्रशांत. तिला कोर्टात उभं राहून सांगायचंच आहे, ती कोण आहे आणि ते कोण आहेत. ती लपली की केस संपली."

खाली एक गाडी गेली. प्रशांतनं खिशातून फोन काढला, परत ठेवला. परत काढला. मग तालुक्याच्या घरासमोरच्या काकांना लावला, ज्यांच्याकडं घराची किल्ली होती. फोन दगडावर ठेवून स्पीकर लावला.

"अरे प्रशांत! काय म्हणतंय युरोप?"

"काका, घराची किल्ली द्यायचीय. उद्या लोक येतील राहायला."

"भाडेकरू? छान छान. नाही, फॅमिली आहे ना? कॉलनीत जरा बघून ठेवावं लागतं, तुला माहितीये."

प्रशांतनं डोळे मिटले. "काका, आमचीच माणसं आहेत."

"तुमची म्हणजे, नातेवाईक?"

"आमच्या समाजाची. वरातीची केस पेपरात आली होती ना, तिच्यातली साक्षीदार. मी त्याच वस्तीतला, काका. आईबाबापण."

फोनमध्ये टीव्हीचा आवाज ऐकू येत होता. कुणीतरी तो बंद केला.

"असं होय," काका म्हणाले. थोड्या वेळानं परत, "असं होय. बरं. किल्ली फाटकाच्या खांबावर ठेवतो. घेऊन जायला सांग."

फोन बंद झाला. प्रशांत आमच्याकडं न बघता म्हणाला, "बाई, आई तिथं होती तेव्हा तिला पाठवलेलं पार्सल यांनीच घरी नेऊन दिलं होतं. अंगणातल्या जास्वंदीची फुलं रोज काकूच नेतात देवाला." मग तो खाली बसला आणि बराच वेळ गवत उपटत राहिला. ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मी ठेवणार होतो, त्यांनी मला डोळ्यानं थांबवलं. काही वेळा माणसाला गवत उपटू द्यावं.

तालुका कोर्ट

हे जर्मनीत नाही, पण प्रवास इथं संपला म्हणून इथपर्यंत लिहितो. सुमन सावलीत राहायला गेली. काकूंनी फुलं नेणं बंद केलं. कॉलनीनं तक्रारीचा अर्ज केला, नळाचं, पार्किंगचं, काहीबाही. प्रशांतनं तिकडून उत्तर दिलं आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. येनातली दिवाळी अजून यायचीय. त्सुफेनहाउझेनची झाडं कुठं लागली ते मला माहीत नाही. ब्राउनश्वाइगच्या पोरांचे पैसे दर महिन्याला येतात.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. तोंडातून आवाज काढायचा नाही, अशी ताईंची ताकीद. आरोपी पांढऱ्या कपड्यांत, एकमेकांना पाणी देत बसलेले. त्यांच्या वकिलानं सुमनला विचारलं, "बाई, संध्याकाळची वेळ, गर्दी, डीजे, धूळ. तुम्ही बाजूला उभ्या. एवढ्यात तुम्हाला तोंडं ओळखू आली?"

सुमन म्हणाली, "साहेब, ह्यांच्या घरी मी लगीनकार्यात भांडी घासलीत. खरकटं टाकायला हे समोर यायचे, तवा मान वर करायची नाही, असा नेम होता. तरी मी बगायची."

मग तिनं मान वर केली, बोट वर केलं आणि एकेकाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. पाण्याची बाटली ज्याच्या हातात होती, त्याचं नाव आलं तेव्हा त्याला ती खाली ठेवावी लागली.